निकेल : अमेरिकेचे पाच सेंटांचे नाणे आणि त्याला बांधलेल्या किमती

अमेरिकेच्या पाच सेंटांच्या नाण्याला तिथे निकेल म्हणतात. डॉलरचा हा विसावा हिस्सा. १९४९ ते १९६६ या काळात एका डॉलरला ४.७६ रुपये पडत, म्हणजे एक निकेल आपल्या पावलीहून किंचित कमी किमतीचे होते. १९४५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये खिशात पाच निकेल घेऊन निघालेला माणूस भुयारी रेल्वेने कामावर पोहोचे, ऑटोमॅटमध्ये, म्हणजे नाणे टाकून जिन्नस घ्यायच्या भोजनगृहात, कॉफी घेई, दुपारी कोका-कोलाची बाटली पिई, सार्वजनिक फोनवरून घरी बोले आणि संध्याकाळी ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या पेटीवर, एक गाणे लावी. सगळे मिळून पंचवीस सेंट. कायद्याने ठरलेले किमान वेतन तेव्हा तासाला ४० सेंट, म्हणजे आठ निकेल होते. १९६० साली त्याच शहरात यांपैकी जवळजवळ एकही गोष्ट निकेलमध्ये मिळत नव्हती. महागाई हे त्याचे एक कारण खरे, पण या किमती इतकी वर्षे का हलल्या नाहीत आणि हलल्या तेव्हा एकदम दुप्पट का झाल्या, हे महागाईवरून कळत नाही. त्यासाठी नाणे आणि ते गिळणारे यंत्र जवळून पाहावे लागते.

घडण : निकेलचे वजन ५ ग्रॅम आणि व्यास २१.२१ मिमी. नावात निकेल असले तरी त्यात तीन भाग तांबे आणि एकच भाग निकेल असतो. ही मिश्रधातू १८६६ पासून चालत आली आहे. तिला लोहचुंबक ओढत नाही, आणि शुद्ध तांब्याच्या मानाने तिच्यातून वीज फार कमी वाहते. दहा सेंटांचे नाणे म्हणजे डाइम हे निकेलच्या दुप्पट किमतीचे असूनही आकाराने लहान, १७.९१ मिमी. १९६४ पर्यंत ते चांदीचे असल्यामुळे तसे होते. पंचवीस सेंटांचे क्वार्टर २४.२६ मिमी. पाच आणि दहा यांच्या मधले नाणे अमेरिकेत नव्हते, आजही नाही. पुढची सगळी अडचण इथेच आहे.

१९३८ मध्ये म्हैस आणि मूळनिवासी माणसाचे डोके असलेले जुने निकेल बंद होऊन फेलिक्स श्लाग यांनी रेखाटलेले, राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या चेहऱ्याचे निकेल आले. मागच्या बाजूला जेफरसनचे माँटिचेलो हे घर आहे. युद्धात निकेल धातू चिलखती पोलादासाठी लागू लागला, तेव्हा ऑक्टोबर १९४२ पासून १९४५ अखेरपर्यंत ही नाणी ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज अशी पाडली गेली. नव्या धातूचे नाणे चालू यंत्रांतून पार व्हावे, हे मिश्रण ठरवताना पाहावे लागले, कारण देशभरची लाखो यंत्रे बदलणे शक्यच नव्हते. ही युद्धकालीन नाणी ओळखायला सोपी आहेत : माँटिचेलोच्या घुमटावर टांकसाळीचे मोठे अक्षर असते. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर आणि एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. फिलाडेल्फियाचे अक्षर अमेरिकी नाण्यावर आले ते पहिल्यांदा याच वेळी. १९४२ साल मात्र फसवे आहे. फिलाडेल्फियाने त्या वर्षी दोन्ही धातूंची नाणी पाडली, डेन्व्हरने फक्त जुन्या आणि सॅन फ्रान्सिस्कोने फक्त नव्या. म्हणून नुसते साल पाहून चालत नाही, घुमटावरचे अक्षर पाहावेच लागते.

हेच अक्षर विसरल्यामुळे न्यू जर्सीचा फ्रान्सिस हेनिंग पकडला गेला. १९५०च्या दशकात त्याने खोटी निकेल मोठ्या संख्येने चलनात आणली. त्यांतल्या काहींवर साल १९४४ घातले आणि घुमटावर काहीच नाही. खऱ्या १९४४ च्या प्रत्येक निकेलवर अक्षर असते. शिवाय त्याची नाणी ५.४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जड भरत. आज संग्राहक हीच खोटी नाणी दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकत घेतात.

यंत्र नाणे कसे पारखते : मधल्या शतकातल्या नाणेपारखीत विजेचा किंवा तारांचा पत्ता नव्हता. गुरुत्वाकर्षण आणि एक चुंबक एवढ्यावर काम चाले. फटीची मापे अशी असत की मोठे नाणे आत जाऊच नये. आत गेलेले नाणे एका डुलत्या पाळण्यावर बसते. व्यासाने लहान असेल तर पाळण्याच्या हातांमधून निसटून परतीच्या नळीत पडते, वजनाला हलके असेल तर पाळणा कलत नाही आणि नाणे तिथेच अडकते. भोक असलेला वॉशर टाकला तर एक आकडी त्याला भोकातच धरते. पुढे नाणे उतरत्या पट्टीवरून चुंबकासमोरून घरंगळते. लोखंडी चकती चुंबकाला चिकटून राहते. तांब्याच्या चकतीत चुंबकामुळे प्रवाह घुमू लागतात, तिचा वेग मंदावतो आणि ती अलीकडेच पडते. खरे निकेल नेमक्या वेगाने पट्टीच्या टोकावरून सुटते, पोलादी ऐरणीवर आपटते आणि ठरल्या उंचीची उडी मारून दुभाजकापलीकडच्या नळीत जाते. शिशाची चकती ऐरणीवर उसळतच नाही.

एवढी बारीक पारख असली की बिघाडही ठरलेले. सरबताचा किंवा बोटांचा चिकटपणा पट्टीवर बसला की चांगली नाणी मंद होऊन परत येऊ लागतात. यंत्र सपाट जमिनीवर सरळ उभे नसेल तर पाळणा एका बाजूला झुकतो आणि खरे नाणेही नाकारतो. यंत्र नव्या जागी हलवल्यावर पहिली तक्रार बहुधा हीच येई, आणि त्यावर उपाय पायाखाली पाचर घालण्याचा असे. अडकलेल्या नाण्यासाठी बाहेर परतीचा दांडा होता. तो दाबला की पाळण्याचे दोन भाग उघडून आतले सगळे खाली पडे. परंतु ही यंत्रणा एका मापाच्या एकाच नाण्यासाठी जुळवलेली असे. सहा सेंट घ्यायचे तर निकेलसाठी एक वाट, सेंटसाठी दुसरी वाट आणि दोन्ही पोहोचल्याची खात्री करणारा तिसरा खटका लागे. मोड परत देणारी यंत्रे महाग पडत.

कोका-कोला : अटलांटात १८८६ मध्ये औषधाच्या दुकानात पाच सेंटांना पेला विकला जाऊ लागला आणि पाच सेंटांची ती किंमत १९५९ पर्यंत काही ठिकाणी टिकली. १८९९ मध्ये चॅटनूगाच्या थॉमस आणि व्हाइटहेड या दोन वकिलांनी हे पेय बाटलीत भरून विकण्याचे हक्क कंपनीचे मालक आसा कँडलर यांच्याकडून एका डॉलरला मिळवले. त्या करारात पेय ज्यापासून बनते त्या पाकाचा भाव कायमचा बांधून दिला होता. पहिल्या महायुद्धानंतर साखर कडाडली तेव्हा कंपनीला हे फार जड गेले आणि १९२१ मध्ये तडजोड होऊन पाकाचा भाव बदलता झाला. किरकोळ किंमत ठरवण्याचा हक्क कंपनीला नव्हता. पण भिंती, फलक, ट्रे, दिनदर्शिका सगळीकडे ‘पाच सेंट’ रंगवलेले असल्यावर दुकानदार सहा कसे मागणार?

१९५० पर्यंत अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून अधिक विक्रीयंत्रांपैकी बहुतांश कोका-कोलाची होती, आणि ती निकेलवर चालत. १९४५ ते १९५१ या सहा वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे ४४ टक्क्यांनी चढला. कंपनीला सात-साडेसात सेंट हवे होते, पण यंत्राला कळणारे पुढचे नाणे डाइम, म्हणजे किंमत सरळ दुप्पट. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट वुड्रफ यांनी १९५३ मध्ये आपले मित्र राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटांचे नाणे पाडण्याची गळ घातली. ते झाले नाही. आणखी एक योजनाही पुढे आली होती : यंत्रात दर आठ भरलेल्या बाटल्यांमागे एक रिकामी ठेवायची. ज्याच्या वाट्याला ती येईल त्याने दुसरे निकेल टाकायचे. नऊ निकेलांत आठ बाटल्या, म्हणजे बाटलीला सरासरी ५.६२५ सेंट. हिशेब बरोबर आहे, पण तहानलेल्या माणसाच्या हाती रिकामी बाटली देणे हा ग्राहकावर अन्याय होता. ही योजना देशभर लागू झाली नाही हे बरे झाले.

माप कमी करण्याची वाट कोका-कोलाला बंद होती. साडेसहा औंसांची म्हणजे सुमारे १९० मिलीची ती बाटली हीच तिची ओळख होती, आणि परत येणाऱ्या, दोन सेंटांची अनामत असलेल्या कोट्यवधी बाटल्या बाजारात फिरत होत्या. पेप्सीने तर १९३०च्या दशकातच निकेलला १२ औंस द्यायला सुरुवात केली होती. हर्शीच्या चॉकलेटचे उलट. तिथे किंमत १९६९ पर्यंत पाच सेंट राहिली आणि कोकोच्या भावाप्रमाणे वडीचे वजन कमी-जास्त होत गेले. शेवटच्या वर्षांत ती पाऊण औंसावर, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमवर आली होती. सिगारेटच्या यंत्रांनी वेगळी युक्ती काढली : पाकीट २३ सेंटांचे, यंत्रात पडे क्वार्टर, आणि उरलेले दोन सेंट कारखान्यातून आल्यावर पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनात खोचून ठेवलेले.

ऑटोमॅट : हॉर्न अँड हार्डार्टची ही भोजनगृहे फिलाडेल्फियात १९०२ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये १९१२ मध्ये सुरू झाली. दारातल्या काचेच्या कक्षात बसलेल्या बाया डॉलर घेऊन वीस निकेल न मोजता, बोटांच्या अंदाजाने संगमरवरावर सरकवत. बोटांवर रबरी टोप्या असत. भिंतीत काचेच्या छोट्या कप्प्यांच्या रांगा : पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), मॅकरोनी, बीन्स, सँडविच. फटीत निकेल टाकायचे, मूठ फिरवायची, खट् आवाज होऊन झडप उघडते. मागच्या बाजूला स्वयंपाकघरातला माणूस फिरता पिंप वळवून रिकामा कप्पा भरत राही. कॉफी डॉल्फिनच्या तोंडाच्या तोटीतून येई, एका निकेलला नेमका एक कप. शिळी कॉफी थोड्या थोड्या वेळाने ओतून टाकण्याचा दंडक होता. नोव्हेंबर १९५० मध्ये ही कॉफी दहा सेंट झाली, आणि गिऱ्हाइकांच्या ते मनाला लागले. शेवटचे ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद पडले.

फोन आणि रेल्वे : तीन फटींच्या सार्वजनिक फोनमध्ये नाणी घंटांवर आपटत खाली जात. निकेल पडले की घंटा एकदा वाजे, डाइमला दोनदा, क्वार्टरला खर्जातली एक घंटा. लांबच्या फोनला ऑपरेटर कानाने पैसे मोजी. नाणी आत एका पेटीत अडून राहत. एक्स्चेंजमधून एका दिशेने विजेचा झटका आला की गल्ल्यात, उलट दिशेने आला की परतीच्या वाटीत. म्हणूनच जाता-येता त्या वाटीत बोट घालून पाहण्याची सवय मुलांना होती. १९५१ पासून स्थानिक फोन एकेका राज्यात डाइमचा होत गेला.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे २७ ऑक्टोबर १९०४ या पहिल्या दिवसापासून पाच सेंट होते आणि ते जपणे हा महापौरांच्या निवडणुकीचा विषय असे. १ जुलै १९४८ रोजी ते दहा झाले. फिरत्या फाटकांची फट डाइमच्या मापाची करून भागले. १९५३ मध्ये पंधरा सेंट करायची वेळ आली तेव्हा फाटकाला दोन वेगळी नाणी घेता येईनात, म्हणून १६ मिमीचा स्वतंत्र टोकन काढावा लागला. एकदा टोकन आला आणि भाडे नाण्यांच्या बंधनातून सुटले : पुढची वाढ करताना फाटक नव्हे, टोकनची खिडकीवरची किंमत बदलली की पुरे.

यात सर्वांत उशिरा हलली ती न्यूयॉर्क बंदरातली स्टेटन आयलंडची बोट. तिथे पाच सेंटांचे भाडे १९७०च्या दशकापर्यंत टिकले, आणि १९७५ मध्ये ते जाऊन-येऊन पंचवीस सेंट झाले. १९९७ पासून पायी प्रवाशांना ती बोट फुकट आहे.