ग्रेडरच्या पात्यावर वेल्डिंगचा थर: एका जुन्या समजाचा खुलासा

मोटर ग्रेडरच्या (रस्ता खरवडून सपाट करणाऱ्या यंत्राच्या) पात्याच्या धारेवर कठीण रॉडने वेल्डिंगचा थर चढवला की पाते दुप्पट टिकते, हा समज रस्त्याच्या कामांवर वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. चढवलेला थर नुसत्या घर्षणाला चांगला टिकतो. मात्र खालच्या पोलादाचे काय होते, याचा विचार सहसा होत नाही. बरीच पाती उच्च कार्बन पोलादाची असतात, आणि असे पोलाद आधी पुरेसे न तापवता वेल्ड केले तर वेल्डलगतचा पट्टा झपाट्याने थंड होऊन ठिसूळ बनतो, त्यात बारीक भेगा पडतात, आणि मुरमात दडलेल्या काळ्या दगडाचा धक्का बसताच धारेचा तुकडा उडू शकतो. कठीण केलेल्या बोरॉन पोलादात उलटे घडते: वेल्डिंगच्या उष्णतेने लगतचा काही भाग मऊ पडतो आणि तोच लवकर झिजतो.

झीज आटोक्यात ठेवायची तर वेग कमी हवा, कारण वेगाबरोबर धारेचे तापमान आणि दगडांचे धक्के दोन्ही वाढतात. कोरड्या, घट्ट रस्त्यापेक्षा ओलसर रस्ता पात्याला फार कमी झिजवतो. दोन्ही कडांना धार असलेले पाते वेळेवर उलटवावे. झीज बोल्टपर्यंत पोहोचू दिल्यास मागचा मोल्डबोर्डच (ज्यावर पाते बोल्टने बसवलेले असते तो वक्र पोलादी फळा) घासला जातो, आणि त्याची दुरुस्ती पात्यापेक्षा कितीतरी महाग पडते.