सॉल्टचं प्रॅक्टिकल आणि मॅट्रिकच्या काळातली खोली

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात चुलीच्या डोक्यावर साणं, म्हणजे छतातलं भोक, असायचं. धूर जिथे होतो तिथूनच वर काढून द्यायचा, ही साधी रीत. शाळांच्या प्रयोगशाळा बांधताना ती कुणाला आठवली नाही, आणि तेव्हा गरजही नव्हती. मॅट्रिकपर्यंतचे वायू बहुधा सरच टेबलावर तयार करून दाखवत. दोन खिडक्यांत भागायचं.

१९७५ साली नव्या पद्धतीची दहावी झाली, पाठोपाठ अकरावी-बारावी आली. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी हायस्कुलांना ज्युनिअर कॉलेज जोडलं गेलं. खोली मात्र तीच. आता तिथे अख्खी बॅच एकदम सॉल्ट, म्हणजे दिलेल्या क्षारात काय आहे ते, तपासायला उभी. नायट्रेटसाठी तांब्याचा कीस टाकून तीव्र सल्फ्युरिक आम्ल तापवलं की तपकिरी धूर, आणि दुसऱ्या गटातले धातू ओळखायला हायड्रोजन सल्फाइड वायू. म्हणून हा वायू तयार करणारं किपचं उपकरण व्हरांड्यात ठेवायचं, पोरं परीक्षानळ्या घेऊन बाहेर रांगेत. बोटातली चांदीची अंगठी काळी पडायची. सडक्या अंड्यांच्या वासावरून थट्टा चाले. पण हवेत या विषारी वायूचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाला तो वास येईनासाच होतो. खरी भीती तिथे आहे.

यावरचा उपाय जुनाच. जर्मनीत गीसेनला रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या १८३९ च्या प्रयोगशाळेत काचेच्या दारांची, धुराड्याला जोडलेली कपाटं होती. विजेचे पंखे येण्याआधी धुराड्यात गॅसची ज्योत पेटवून ओढ तयार करत. गरम हवा वर जाते, एवढ्यावरच सगळं. आपल्याकडे नुसतं धुराडं बांधून भागणार नाही. उन्हाच्या दुपारी बाहेरची हवा जाड भिंतींच्या खोलीपेक्षा जास्त तापलेली असते. मग धुराड्यातली हवा वर जायच्या ऐवजी खाली उतरू लागते. भुसावळच्या उन्हात लीबिगचं कपाट उलटं चाललं असतं!

म्हणजे पंखा हवाच, आणि कपाटाच्या तोंडाशी हवेला सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेग हवा. शाळेत बसतो तो भिंतीतला एक्झॉस्ट, तोही छताजवळ, दारासमोर. टेबलावरचा धूर पोरांच्या तोंडावरूनच त्याच्याकडे जातो. भारनियमनाच्या वर्षांत तोही तासन् तास बंद पडायचा. मग किप पुन्हा व्हरांड्यात.