हेडफोन महाग, पण कान कोणाचा?

उंची हेडफोनच्या खोक्यावर हमखास छापलेलं असतं : '५ हर्ट्झ ते ५० किलोहर्ट्झ'. वाचून भारावून जाऊ नका. माणसाला फार तर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढंच ऐकू येतं, तेही तरुणपणी. पियानोचा सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, सगळ्यात वरचा ४,१८६ हर्ट्झचा. त्याच्या वर उरतात ते ओव्हरटोन, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर. या पट्ट्यातला कुठला भाग किती जोरात वाजतो, हे खरं महत्त्वाचं. आणि नेमकं तेच खोक्यावर नसतं.

समजा, एखाद्या हेडफोनने सगळ्या वारंवारता अगदी सारख्या पातळीवर कानाच्या पडद्यापर्यंत पोचवल्या. कागदावर आदर्श, ऐकायला मात्र मेलेला, गोधडीखालून आल्यासारखा आवाज! याचं कारण आपल्या शरीरात आहे. समोर वाजणारं व्हायोलिन पडद्यापर्यंत पोचताना खांद्यांवर, डोक्यावर, कानाच्या घड्यांवर आपटत येतं. शिवाय कानाची नळी म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, आतून बंद पोकळी. ती ३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते आणि तिथला आवाज १० डेसिबलहून अधिक वाढतो. मेंदू हा फुगवटा जन्मापासून गृहीत धरून चालतो. हेडफोन थेट कानावरच बसतो, त्यामुळे वाटेतले बरेच संस्कार हुकतात आणि निर्मात्याला तो फुगवटा हिशेबाने उभा करावा लागतो. जास्त झाला तर व्हायोलिनं किंचाळतात, कमी पडला तर ओबोसारखं फुंकवाद्य मागच्या रांगेत जाऊन बसतं. त्यात प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी. मित्राला स्वर्गीय वाटलेला हेडफोन तुम्हाला टोचला, तर दोघंही बरोबर असता.

किमतीवरूनही काही कळत नाही. येरून ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं तपासली. वारंवारतेचा समतोल आणि किंमत यांचा काही संबंध सापडला नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे? आवाजातली कमी विकृती, डाव्या-उजव्या ड्रायव्हरची (आवाज काढणाऱ्या भागाची) काटेकोर जुळणी, चांगल्या गाद्या, आणि बराचसा रुबाब, असं माझं मत.

वाद्यवृंदासाठी बहुतेक जाणकार ओपन-बॅक सुचवतात. त्यात कपाची मागची बाजू जाळीदार असते, म्हणून ड्रायव्हरच्या पडद्यामागची लहर आत आपटून परत न येता बाहेर निघून जाते. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ साली 'एचडी ४१४' काढला, तेव्हापासून हा प्रकार रुळला. आवाज मोकळा वाटतो खरा. पण बाहेरचा गोंगाट सरळ आत येतो आणि पहिला बळी जातो हळुवार जागांचा. खोली शांत नसेल तर क्लोज्ड-बॅकच घ्यावा.

'भव्य साउंडस्टेज'च्या, म्हणजे वाद्यं समोर पसरून बसल्याच्या भासाच्या जाहिरातींकडे मी जरा संशयानेच बघतो. बहुतेक रेकॉर्डिंग स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही किंचित उशिरा, किंचित दबून ऐकू येतो. त्यावरून मेंदू वाद्यांना समोर जागा देतो. हेडफोनमध्ये हे घडतच नाही, म्हणून अख्खा वाद्यवृंद डोक्याच्या आत बसतो. कितीही महागडा घेतला तरी तो पुरता बाहेर येत नाही.

निवडताना ऐकायला फ्रेंच संगीतकार रावेलची 'बोलेरो' ही वाद्यवृंदाची रचना उत्तम. सुरुवातीला स्नेअर ड्रम अगदी हलक्या हाताने वाजतो, व्हायोला आणि चेलोच्या तारा नुसत्या छेडलेल्या असतात, वर एकटी बासरी. शेवटी सगळा वाद्यवृंद तुटून पडतो. आधी शेवट लावा, तो सुसह्य होईल इतका आवाज ठेवा, मग बटणाला हात न लावता सुरुवातीवर या. ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा कळतो का? शेवटच्या कल्लोळात तोच ठेका अजून पकडता येतो का? बेस फुगवलेला असेल, तर इथेच सगळं एकमेकांत मिसळतं.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी मात्र सारखी ठेवा. कारण किंचित मोठ्याने वाजणारा कानाला नेहमी सरस वाटतो, आणि आवाज कमी असला की खर्जाचे स्वर आपल्याला आणखीच क्षीण ऐकू येतात. ३०० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा हेडफोन साध्या फोनवर अनेकदा पुरेसा वाजत नाही, तेव्हा अॅम्प्लिफायरचा खर्च आधीच धरा. आणि चष्मा असेल तर तो लावूनच ऐकून बघा : काडीमुळे गादीत फट पडली, तर क्लोज्ड-बॅकचा बेस तिथूनच गळून जातो.