मचुझी म्हणजे 'आफ्रिकेतलं मालवणी' असं म्हणणं आता बास करा

बीफ, नारळ, आलं-लसूण, जिरं, हळद, दालचिनी एवढी यादी वाचली की आपली मंडळी लगेच "अरे हे तर आपलंच की" म्हणतात आणि कढईत खोबरं भाजायला घेतात. दार-एस-सलामला चार वर्षं काढून आल्यापासून मला हे बघवत नाही. मचुझी वा न्यामा वा नाझी, म्हणजे नारळाच्या रसातलं मांस (नाझी म्हणजे नारळ, उगीच दचकू नका), ही मोंबासा, लामू, झांझिबार, दार या स्वाहिली किनाऱ्याची चीज आहे. आत नैरोबीकडच्या साध्या बीफ स्ट्यूत सहसा नारळ नसतोच, तेव्हा 'केनियन स्ट्यू' म्हणून सगळं एका टोपात ढकलू नका.

मालवणी तुम्हाला येतंच. कांदा-खोबरं खरपूस भाजा, वाटा, रश्शात सोडा, खळखळ उकळू द्या, वर तवंग आला की खूश. पुढे चला.

तिकडे वाटण हा प्रकारच नाही, तिकडे असते तुई, म्हणजे नारळाचं दूध. ओला नारळ खोवायचा, कोमट पाण्यात कुस्करून पिळायचा, गाळायचा, चोथा बाजूला. खोवायला घडीचं लाकडी बसकं असतं, पुढे दातेरी पातं, आपल्या विळीच्या खवणीची सख्खी बहीणच, नाव मात्र म्बुझी, म्हणजे बकरी.

इथपर्यंत बरेच जण बरोबर येतात आणि मग पिळलेलं सगळं एकदम ओततात, इथेच सगळं बोंबलतं. तुई दोन. पहिल्या पिळणीची दाट ती तुई झितो, त्याच चोथ्यात परत पाणी घालून काढलेली पातळ ती तुई जेपेसी, आणि दोघींची कामं पूर्ण वेगळी. पातळ तुई म्हणजे शिजवायचं पाणी, तिच्यात मांस खुशाल उकळवा, फॅट कमी असल्याने बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. दाट तुई अगदी शेवटी, मंद आचेवर, आणि डाव सतत फिरवत. कारण नारळाच्या दुधातली फॅट प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असते, ८० अंशांच्या आसपास ती प्रथिनं गोठायला लागतात, मग फॅट वेगळी, पाणी वेगळं, वर पांढऱ्या गुठळ्या. मालवणीत सुटलेला तवंग ही शाबासकी, इथे तीच फजिती. आपण सोलकढी कधी उकळतो का? नाही ना, मग तीच अक्कल इथे का नाही चालवत!

आंबटाचंही तेच, आंबटाने दूध लवकर फुटतं, म्हणून टोमॅटो तेलात पार गळेपर्यंत परतून मगच तुई. लिंबू हवं तर मांसाला आधी चोळा, नाहीतर ताटात पिळा, उकळत्या दुधात नको.

माझा हिशोब : १ किलो मांसाला २ नारळ, पहिल्या पिळणीला १ कप पाणी, दुसरीला ३ कप. मांस आलं-लसूण-मीठ लावून आधी वेगळं मऊ शिजवून घ्या, दाट तुई घातल्यावर मांस शिजायची वाट बघत बसलात तर गेलंच. मग कांदा, टोमॅटो, मसाले, मांस, पातळ तुई, पंधरा-वीस मिनिटं, आणि शेवटी दाट तुई, चार-पाच मिनिटं पुरे. डब्यातल्या दुधात बहुतेक वेळा गवार गोंद असतो म्हणून ते सहज फुटत नाही, घाईत मीही वापरते, पण नारळाची पावडर कोमट पाण्यात कालवून तिला तुई म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि मालवणी मसाला तर अजिबात घालू नका, रंग पिवळसर-केशरी हवा, तपकिरी नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचंही मांस बंद आहे, तेव्हा इथे म्हशीचं नाहीतर सरळ बकऱ्याचं घ्या, किनाऱ्यावर बकऱ्याचंही करतातच. सोबत भात, नाहीतर तिकडची चपाती, जी आपल्या घडीच्या पोळीपेक्षा जाड, तेलकट आणि पदर सुटलेली असते. उरलं तर दुसऱ्या दिवशी मंद आचेवरच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये फुल पॉवरवर ठेवलंत की परत त्याच गुठळ्या.