तोच सिनेमा, बदललेली आठवण

"तवाच काहून नाई सांगतलं मंग?"

लैंगिक अत्याचाराच्या आरोपाची कुठलीही बातमी आली की आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या पानठेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. दुसरा येतो तो जरा शिकलेल्यांकडून: "इतक्या वर्षांनी एवढं बारीक कोणाले आठवते?" दोन्ही प्रश्नांच्या पोटात एकच समजूत दडलेली आहे. आठवण एकदा डोक्यात नोंदली की पुढे ती जशीच्या तशी राहते, किंवा मग पुसली जाते, तिसरं काही होत नाही, अशी ती समजूत. गेल्या पंचवीस वर्षांत मेंदूशास्त्रानं तिला जेवढा धक्का दिला तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या समजुतीला बसला असेल.

या खेपेला विषय निघाला तो वुडी ॲलनवरून. अमेरिकेतला हा दिग्दर्शक आणि धानाच्या पट्ट्यातलं आमचं गाव यांचा संबंध एवढाच, की धान घरात आला आणि झाडीपट्टीचं नाटक आसपास नसलं की आम्ही वाचनालयाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून देशोदेशीचे सिनेमे पाहतो. ॲलनचे सिनेमे मीच हौसेनं आणले होते. त्यातला 'मॅनहॅटन' पोरांना फार आवडला. पुढे त्यांच्यापैकी काहींनी 'ॲलन व्हर्सेस फॅरो' ही 2021 मध्ये एचबीओनं दाखवलेली चार भागांची माहितीपट मालिका पाहिली आणि एकानं मला सरळच विचारलं, "सर, हा मानूस असा होता, तं त्याचे पिक्चर आमाले काहून दाखवले?"

'असा होता' हे ठरलेलं नाही, म्हणून आधी नोंदी. ऑगस्ट 1992 मध्ये ॲलनच्या सात वर्षांच्या दत्तक मुलीनं त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. ॲलननं तो पहिल्यापासून नाकारला आहे आणि त्याच्यावर फौजदारी खटला कधी भरला गेला नाही. येल-न्यू हेवन रुग्णालयाच्या पथकानं अत्याचार झाला नसल्याचा निष्कर्ष 1993 मध्ये दिला. मुलांच्या ताब्याच्या दाव्यातल्या न्यायाधीशांना तो पुरता पटला नाही आणि त्यांनी ताबा आईकडे, म्हणजे अभिनेत्री मिया फॅरोकडे, ठेवला. सरकारी वकिलांनी सांगितलं की खटल्यापुरता आधार होता, पण मुलीची ओढाताण नको म्हणून तो भरला नाही. म्हणजे आपण ज्या माणसाबद्दल बोलतोय तो दोषी ठरलेला नाही. दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीची गोष्ट वेगळी: त्यानं 1977 मध्ये अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंधाचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि पुढच्या वर्षी शिक्षेआधी अमेरिका सोडली. तिथे आठवणीचा वादच येत नाही.

आणि पानठेल्यावरचा तो पहिला प्रश्न? ॲलनच्या प्रकरणात तो गैरलागू आहे. त्या मुलीनं तेव्हाच सांगितलं होतं. काही दिवसांतच बालरोगतज्ज्ञाकडून बाब पोलिसांपर्यंत गेली होती. प्रश्न विचारणाऱ्याला हे माहीत नसतं, कारण प्रश्न विचारण्यापूर्वी तो कोणी तपासतच नाही.

मला मात्र दुसरीच गोष्ट सोडवत नव्हती. 'मॅनहॅटन'चा नायक बेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याची मैत्रीण सतरा वर्षांची शाळकरी मुलगी. या फरकावर सिनेमात विनोद आहेत आणि चादरीसमोर बसलेली पोरं त्यांवर हसली होती. सगळ्यात मोठ्यानं हसलेला पोरगा आता म्हणतो, "मले तं तवाच डाऊट आला होता, सर." तो थापा मारत नाही. त्याला खरोखरच तसं आठवतं. निकाल कळल्यावर 'मला आधीच ठाऊक होतं' असं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफनं 1975 मध्येच प्रयोगांनी दाखवलंय. पण वाटतं म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं? इथून पुढे मला थोडा वेळ द्या, कारण हा माझा सर्वात लाडका विषय आहे.

एखादी गोष्ट घडते तेव्हा चेतापेशींमधले काही सांधे बळकट होतात. हे बळ काही तास तकलादू असतं. ते पक्कं व्हायला पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात. नेमकं त्या काळात प्रथिनं बनण्याचं काम औषधानं थांबवलं तर आठवण टिकत नाही. इथवरचं शास्त्र जुनं आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पुस्तकांत असंच असे की आठवण एकदा पक्की झाली की झाली. 1968 मध्ये मिझॅनिन, मिलर आणि लुईस यांना उंदरांवरच्या प्रयोगात उलट काहीतरी दिसलं होतं, पण फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

मग 2000 साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. उंदराला एक आवाज ऐकवायचा आणि त्याबरोबर पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. मग नुसता आवाज आला तरी उंदीर थिजून बसतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठवण पक्की झाल्यावर, त्यांनी झटक्याशिवाय आवाज ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या बदामासारख्या दिसणाऱ्या भागात ॲनिसोमायसिन सोडलं. हे औषध प्रथिनं बनू देत नाही. त्यानंतरच्या दिवशी आवाज ऐकल्यावर उंदीर पूर्वीसारखा थिजला नाही. शिकवणीला दोन आठवडे लोटल्यावर प्रयोग केला तरी तेच. खरी गंमत पुढे आहे: आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर भीती शाबूत राहिली. आवाज ऐकवून सहा तासांनी औषध दिलं तरीही शाबूत. म्हणजे नुसत्या औषधानं आठवण पुसली जात नव्हती. आवाजानं ती उघडली होती, काही तास उघडी राहिली आणि पुन्हा पक्की व्हायला तिला नव्यानं प्रथिनं लागत होती. याला पुनर्दृढीकरण म्हणतात. आमच्याकडच्या मातीच्या भिंतीचं असंच असतं: कोरडी असताना हात फिरवा, काही होत नाही, पाणी मारलं की माती मऊ होते, आणि त्या वेळात बोटं उठली तर वाळल्यावर ती तशीच राहतात.

पुन्हा पक्कं होणं ही पहिल्या वेळचीच नक्कल आहे का? नाही. ली, एव्हरिट आणि थॉमस यांनी 2004 मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागात, पाहिलं, की भीतीची जागा पहिल्यांदा लक्षात ठेवायला बीडीएनएफ नावाचं प्रथिन लागतं, झिफ-268 हे दुसरं प्रथिन नाही; आणि आठवण काढून पुन्हा बसवताना झिफ-268 लागतं, बीडीएनएफ नाही. पेशीच्या दृष्टीनं ही दोन स्वतंत्र कामं आहेत. आठवण उघडण्याचा भाग आणखी मजेशीर: त्यासाठी एनएमडीए ग्राहक (ग्राहक म्हणजे सांध्यावर निरोप झेलणारी प्रथिनं) जागे व्हावे लागतात, सांध्यावरची जुनी प्रथिनं आधी मोडावी लागतात (ते काम प्रोटिअसोम करतं), आणि ॲम्पा ग्राहकांची एक जात काढून तात्पुरती दुसरी, कॅल्शियम आत सोडणारी, जात बसते. मोडतोड आणि बांधकाम एकाच वेळी. मोडतोड रोखली तर नवं काही शिरत नाही, बांधकाम रोखलं तर जुनंही परत बसत नाही. बारावीच्या वर्गात इथपर्यंत आलो की मागच्या बाकावरची पोरं खिडकीबाहेर पाहू लागतात, तुमचंही तसं झालं असेल तर पुढचा परिच्छेद तेवढा वाचा.

आठवण दर वेळी उघडत नाही. पाढे म्हणताना, रोजचा रस्ता आठवताना काहीच मऊ होत नाही. सेव्हन्स्टर, बेकर्स आणि किंट यांनी 2013 मध्ये माणसांवर प्रयोग करून दाखवलं, की आठवण उघडायला अपेक्षाभंग लागतो. जे घडेल असं वाटलं त्यापेक्षा काहीतरी वेगळं घडलं तरच मेंदू जुनी नोंद बदलायला काढतो. उगाच कशाला काढेल? 'मॅनहॅटन' पुन्हा पुन्हा पाहिला असता तरी काही बिघडलं नसतं. पण आदर वाटणाऱ्या माणसाबद्दल माहितीपटानं काही अनपेक्षित ऐकवलं आणि त्याच बैठकीत सिनेमातले प्रसंग आठवले, की ते प्रसंग अपेक्षाभंगासकट पुन्हा बसतात. मग हसलेला पोरगा हसलेला आठवत नाही, खटकलेला आठवतो.

उंदराच्या भीतीवरून माणसाच्या सिनेमाच्या आवडीवर मी मोठी उडी मारतोय, हे मान्य. तेवढी उडी प्रयोगशाळेनं अजून मारलेली नाही. मधली एक पायरी मात्र आहे. मेरेल किंट यांच्या गटानं 2009 मध्ये कोळ्याच्या चित्राशी विजेचा झटका जोडून माणसांना भीती शिकवली, दुसऱ्या दिवशी आठवण करून देताना प्रोप्रानोलॉल दिलं, हे रक्तदाबाचं साधं औषध. तिसऱ्या दिवशी दचकणं गेलं होतं. पण 'या चित्रानंतर झटका येतो' हे लोकांना नीट सांगता येत होतं. भावना गेली, माहिती राहिली. पुढे हा प्रयोग सगळ्यांनाच तसा जमला नाही, वाद चालू आहे, तरी भावना आणि माहिती वेगवेगळ्या नोंदल्या जातात हे मेंदूशास्त्रात इतर बऱ्याच मार्गांनी दिसलंय. 'कलाकार वेगळा, कला वेगळी' म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: विनोदाची बांधणी चोख आहे हे तुम्हाला अजूनही कळेल. हसू येईल की नाही हे मात्र तुम्ही ठरवून होणार नाही. काळ्या-पांढऱ्या न्यूयॉर्कची ती छायाचित्रणाची करामत मला आजही तेवढीच थोर वाटते, आणि तो सिनेमा लावायला हात मात्र होत नाही.

आठवण बदलते म्हटलं की बाजार जमतोच. परीक्षा जवळ आल्या की तालुक्याच्या गावी 'मेमरी पॉवर'च्या बाटल्या आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन'चे वर्ग सुरू होतात. संमोहनानं पूर्वजन्मात नेणारे तर याच मऊपणाचा धंदा करतात: खोलीत अंधार, हळू आवाज, सूचक प्रश्न, आणि गिऱ्हाईक मागच्या जन्मी राणी. टीव्हीवर कोणी ओरडतं, नार्को करा, खरं बाहेर येईल. नार्कोत माणूस गुंगीत बोलतो, खरंच बोलेल याची हमी काही नाही. संमतीशिवाय नार्को, ब्रेन मॅपिंग किंवा पॉलिग्राफ करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलंय.

आता उलट बाजू. आठवण मऊ असते तर मग मुलीच्या डोक्यात कोणी आठवण घातली असेल, असं ॲलनचे पाठीराखे म्हणतातच. त्यांच्या हाती मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचं काम असतं. लॉफ्टस आणि पिकरेल यांनी 1995 मध्ये 24 जणांना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी म्हणून काही मजकूर वाचायला दिला, त्यात 'तू बाजारात हरवला होतास' ही खोटी गोष्ट घुसवली. सहा जणांना ती थोडीफार तरी 'आठवली'. याच लॉफ्टस 2020 मध्ये हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बचाव पक्षाकडून साक्षीला उभ्या होत्या. पण बाजारात हरवणं कोणाच्याही बाबतीत घडू शकतं. कॅथी पेझ्डेक यांच्या गटानं 1997 मध्ये 'तुला लहानपणी एनिमा दिला होता' ही लाजिरवाणी खोटी आठवण घालून पाहिली, ती एकाच्याही डोक्यात बसली नाही. म्हणजे खोटी आठवण बसू शकते, पण वाटेल ती, वाटेल त्याच्या डोक्यात, सहज बसते असं नाही.

ॲलनच्या प्रकरणात एक खेळण्यातली आगगाडी आहे. माळ्यावर आपण त्या गाडीकडे पाहत होतो, असं मुलीनं मोठेपणी लिहिलं. तिच्या एका भावानं म्हटलं की तिथे अशी गाडीच नव्हती. लोक दोन्ही बाजूंनी या गाडीवर भांडतात, जणू ती सापडली की निकाल लागला. भीतीच्या वेळी नॉरॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची रसायनं वाढतात, त्यामुळे गाभ्यातली गोष्ट घट्ट बसते आणि काठावरचा तपशील बरेचदा निसटतो. म्हणून गाडीचा तपशील चुकीचा ठरला तरी त्यावरून गाभा खोटा ठरत नाही. आणि गाडी लख्ख आठवते म्हणून गाभा खरा आहे असंही नाही, कारण लख्खपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. अशा ठिकाणी शास्त्र न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नाही. त्या काळात कोणी काय लिहून ठेवलं, कोण कुठे होतं, पहिलं सांगणं कोणत्या शब्दांत झालं, यानंच काही ठरलं तर ठरतं.

पहिलं सांगणं कोणत्या शब्दांत झालं याची गरज अमेरिकेपेक्षा आमच्याकडेच जास्त पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत पॉक्सोखालच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या) नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. गावात तो मामा, शेजारी, मास्तर, कीर्तनकार, कबड्डीचा कोच कोणीही असतो, आणि लोकांना आवडणारा असतो. मूल बोललं की काय होतं? आई विचारते, मग मावशी, मग पोलीस पाटील, मग सरपंच, मग गुरुजी, आणि प्रत्येकजण "त्यानं इथं हात लावला का?" असंच विचारतो. प्रत्येक वेळी भिंत ओली होते आणि विचारणाऱ्याची बोटं तिच्यावर उठतात. पुढे कोर्टात आरोपीचा वकील हेच दाखवतो, आणि खरं बोलणारं मूल खोटं ठरतं.

त्यावर उपाय फार साधे आहेत. "काय झालं?" आणि "मग?" एवढेच दोन प्रश्न विचारायचे. मूल जे शब्द वापरेल तेच लिहायचे, 'सुधारून' प्रमाण मराठीत करायचे नाहीत, खाली तारीख आणि वेळ टाकायची. दहा जणांनी विचारण्याऐवजी एकानं. 1098 या मदत क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात कळवायचं; 2012 च्या पॉक्सो कायद्यात माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि तक्रारीला वर्षांची मुदत नाही. जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी येते, गणवेशात नाही, हे कलम 24 मध्ये लिहिलेलं आहे. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये ही काळजी विशेष न्यायालयानं घ्यायची असते, ते कलम 33 मध्ये आहे. गावातली पोलीस पाटीलकी सांभाळणाऱ्यांनी ही दोन कलमं छापून आपल्याजवळ ठेवायला हरकत नाही, एका पानात मावतात.