स्मृती, वैयक्तिक संगणकातील : ओळख व तपासणी

संगणक चालू असताना प्रक्रियक (प्रोसेसर) ज्या माहितीवर त्या क्षणी काम करीत असतो, ती माहिती धरून ठेवणारा भाग म्हणजे स्मृती. व्यवहारात तिला रॅम किंवा मेमरीच म्हणतात, म्हणून या नोंदीतही पुढे रॅम हाच शब्द वापरला आहे. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही साठवणीची साधने. वीज गेली तरी त्यांतील माहिती राहते, रॅममधील पुसली जाते. रत्नागिरी-मालवणकडच्या दुरुस्तीच्या दुकानात ‘मेमरी फुल झाली’ असे गिऱ्हाईक सांगते तेव्हा बहुधा डिस्क भरलेली असते. ‘सारखा हँग होतो’ म्हणते तेव्हा रॅम अपुरी असण्याचा संभव अधिक. हा फरक आधी विचारून घेतला, तर निम्मी तपासणी तिथेच होते.

आजच्या रॅममधील प्रत्येक कोष एक ट्रान्झिस्टर (विजेची सूक्ष्म कळ) व एक अतिसूक्ष्म धारित्र (विद्युतभार साठवणारा कपॅसिटर) यांचा असतो. धारित्रात भार असेल तर एक, नसेल तर शून्य; असा एकेक अंक म्हणजे बिट. हा भार गळत राहतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत कोषांची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापल्यास गळती वाढते आणि ही मुदत निम्म्यावर येते.

‘भरत राहण्याच्या’ या कल्पनेचे जनकत्व वादाचे आहे. बहुतेक ग्रंथ ते आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना देतात. एका ट्रान्झिस्टरच्या कोषाची कल्पना त्यांना १९६६ च्या सुमारास सुचली व तिचे पेटंट जून १९६८ मध्ये मिळाले. इंटेलची ११०३ ही १,०२४ बिटांची चिप १९७० मध्ये बाजारात आली; तिच्यात मात्र प्रत्येक कोषास तीन ट्रान्झिस्टर होते, हे अनेक लोकप्रिय लेखांत सुटते. मागे गेल्यास मँचेस्टर येथील विल्यम्स व किलबर्न यांची किरणनलिका (जुन्या टीव्हीतल्यासारखी काचनळी) स्मृती दिसते. जून १९४८ मध्ये तिच्यावर पहिला साठवलेला प्रोग्राम चालला, आणि तिच्यातील भारही सतत ताजा करावा लागे. त्याहून आधी, १९४२ पर्यंत तयार झालेल्या ॲटानासॉफ-बेरी संगणकात सेकंदाला एकदा फिरणारे दोन ढोल होते. प्रत्येकावर १,६०० धारित्रे बसवलेली असत व प्रत्येक फेरीत त्यांतील भार नव्याने भरला जाई. धारित्रात बिट ठेवून तो गळण्यापूर्वी पुन्हा भरण्याचे तत्त्व ॲटानासॉफ यांचे आणि ते एका चिपवर स्वस्तात मावेल असा कोष डेनार्ड यांचा, अशी विभागणी प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते.

मोजमापातही घोळ आहे. रॅमचा ८ जीबी म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ बाइट. डिस्क बनवणारे मात्र जीबी दशमानात धरतात, म्हणून ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ दिसते. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये ४ जीबी रॅम बसवूनही साडेतीनच्या आसपासच वापरता येते. रॅमच्या चिपा ज्यांवर बसवलेल्या असतात त्या पट्ट्यांची पिढीही (डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५) पाहावी लागते. डीडीआर३ ला २४० पिना व १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिना व १.२ व्होल्ट. डीडीआर५ लाही पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ती दाबून बसवू नये.

किती रॅम आहे हे पाहण्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. परफॉर्मन्समधील मेमरी या भागात एकूण रॅम, वापर, वेग आणि किती स्लॉट भरले आहेत ते दिसते. ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ म्हणून दाखवलेला तुकडा बहुधा अंगभूत ग्राफिक्सने घेतलेला असतो. तो बिघाड नव्हे. लिनक्समध्ये ‘फ्री’ ही आज्ञा पुरते.

कोकण किनाऱ्यावर तपासणीचा क्रम थोडा बदलावा लागतो. मिरगापासून गणपतीपर्यंत बंद राहिलेल्या चाकरमान्यांच्या घरात सीपीयू (संगणकाची पेटी) चालू करावा, तर पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही, आणि पेटीत भोंगा असेल तर लांब बीप वाजत राहते. बीपांचा क्रम बायोसनुसार (मदरबोर्डवरील सुरुवातीच्या प्रोग्रामनुसार) बदलतो, पण असा बिघाड पुष्कळदा रॅमचाच निघतो. पट्टीच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो व सोने गंजत नाही हे खरे; परंतु तो थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्याला सूक्ष्म छिद्रे असतात, आणि खाऱ्या दमट हवेत त्यांतून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत गंज पोहोचतो. पट्टी उजेडात तिरपी धरली की पिवळ्या पिनांवर काळपट, कधी हिरवट ठिपके दिसतात. चिप शाबूत असते, जोड बिघडलेला असतो. हे न पाहता पट्टी ‘उडाली’ म्हणून नवी घेतली जाते. सणाच्या खर्चात पडणारी ही भर सहज टळण्याजोगी आहे.

दुकानांतून रूढ असलेला उपाय खोडरबराचा. वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबावे, पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, मग दोन्ही टोकांच्या खुंट्या सोडवून पट्टी काढावी. मऊ पांढरे खोडरबर पिनांच्या दिशेने हलके फिरवावे. जोर लावल्यास मुलामाच निघतो व पुढच्या पावसात गंज लवकर येतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल व स्वच्छ कापड बरे. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. पट्टी परत बसवताना खुंट्यांचा ‘कट्’ आवाज यावा.

डिस्प्ले आल्यावरच खरी चाचणी. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक हे साधन विंडोजमध्येच असते व संगणक पुन्हा चालू करताना चालते. एफ१ दाबून विस्तृत चाचणी निवडता येते. अधिक कसून तपासायचे तर क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ च्या सुमारास लिहिलेला मेमटेस्ट८६ किंवा त्यापासून निघालेला मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवरून चालवावा. तो शून्य-एकांचे नमुने लिहून वाचतो, उलटे करून पुन्हा वाचतो. एक चूक दिसली तरी ती गंभीर समजावी. चाचणी तासन्‌तास चालते, पावसात दिवे येत-जात असतात, म्हणून संगणक यूपीएसवर असलेला बरा. दोन पट्ट्या असल्यास एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये तपासावी. चूक पट्टीबरोबर हलली तर पट्टी सदोष, दोन्ही पट्ट्यांत आली तर स्लॉट किंवा मदरबोर्ड.

पातळ लॅपटॉपांत बहुधा रॅम बोर्डावरच डाखलेली असते. तिथे पिनाच नसल्याने खोडरबर निरुपयोगी, आणि चाचणीत चूक आल्यास बोर्डच दुरुस्तीला पाठवावा लागतो.