माजी सैनिकांना बंदुकीचं लायसन: कोण पात्र, कागद कुठले, अर्ज कसा करायचा

रिटायर होऊन गावी आलेला जवान महिन्या-दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतो, सतरा वर्षं रायफल सांभाळली, मग आता बंदुकीचं लायसन आपल्याला हक्कानं मिळणार ना? मी स्वतः हवालदार म्हणून बाहेर पडलोय आणि आमच्या सातारा भागात माजी सैनिकांचे फॉर्म भरून देतो, त्यामुळे सरळ सांगतो, हक्कानं मिळत नाही. डिस्चार्जच्या आधी रायफल कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात जमा झाली की तिचा आपला संबंध संपला. बाहेर आल्यावर शस्त्र कायदा १९५९ शेजारच्या सिव्हिलियनला जसा लागू तसाच आपल्याला.

पण नोकरीचा उपयोग होतो, आणि तो नेमका कुठं होतो ते समजून घ्या. शस्त्र नियम २०१६ मधल्या १२ व्या नियमात कोणाच्या अर्जाचा विचार करायचा ते दिलंय. धंद्यामुळे किंवा कामामुळे जीवाला, मालमत्तेला धोका असलेले, शूटिंग क्लबचे नियमित खेळाडू, आणि सैन्यदल, केंद्रीय सशस्त्र पोलिस दल किंवा राज्य पोलिसात असलेले किंवा राहून गेलेले लोक. आपलं नाव तिथं आहे, पण त्याच वाक्यात पुढं असंही आहे की जीव किंवा मालमत्ता सांभाळायची खरी गरज असली पाहिजे. म्हणजे डिस्चार्ज बुक दाखवलं की काम झालं असं नाही, गरज कागदावर दाखवावी लागते. आपली पोरं इथंच मार खातात.

माझ्या ओळखीच्या, नायक हुद्द्यावरून रिटायर झालेल्या एका जवानानं कारणाच्या रकान्यात फक्त 'आत्मसंरक्षण' लिहिलं होतं. अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्या वेळी आम्ही बसून नीट लिहिलं, की घर गावठाणापासून लांब मळ्यात आहे, दूध संकलनाचे पैसे दहा दिवसांनी घरी येतात, रात्री दोनदा चोरीचा प्रयत्न झाला, आणि पोलिस ठाण्यात दिलेल्या दोन्ही तक्रारींच्या पोच जोडल्या. तेवढ्यावर फाइल पुढं सरकली. खोटं काही लिहायचं नाही, कारण पोलिस ठाण्याचा बीट हवालदार मळ्यात येऊन बघून जातो आणि शेजाऱ्यांनाही विचारतो.

आता कोणती बंदूक मागायची हे पण आधीच ठरवा. कायद्याच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, हिच्यासाठी निकष सोपा आहे, रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला मात्र अधिकाऱ्याला योग्य कारण पटावं लागतं. म्हणून खरंच गरज नसेल तर बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाच्या मागं लागू नका असं माझं मत आहे. नोकरीत हाताळलेलं ९ एमएम किंवा ७.६२ तर विसराच, ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या प्रकारात येतं आणि जिल्ह्याच्या पातळीवर त्याचं लायसन मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची, आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

अर्ज एनडाल-एलिस या सरकारी पोर्टलवर भरायचा, फॉर्म ए-१. लायसन मंजूर झालं की तुमच्या नावावर यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख नंबर पडतो, त्या नंबराशिवाय लायसन वैध धरत नाहीत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलिस आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथं गृह शाखा विचारा. वय २१ पूर्ण पाहिजे, आपला तो प्रश्नच नाही. पांढऱ्या बॅकग्राउंडचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र एस-२, डॉक्टरचं शारीरिक आणि मानसिक तब्येतीचं सर्टिफिकेट एस-३, आणि शस्त्र सुरक्षेच्या ट्रेनिंगचं एस-१. सोबत डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, पीपीओ (पेन्शनचा आदेश), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र लावा, कारण नोकरी केल्याचा पुरावा हाच. कुणी विचारलं की तुमच्या नावावर जमीन-जुमला किती, तर घाबरू नका, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही असं कलम १४ मध्ये स्पष्ट आहे.

पोलिस ठाण्याचा रिपोर्ट ३० दिवसांत जायला हवा असा नियम आहे. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. नकार आला तर कारणं लेखी मागा आणि ३० दिवसांच्या आत अपील करा, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते विभागीय आयुक्तांकडे जातं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जम्मू-काश्मीरमध्ये पोस्टिंगला असताना एजंटाला पैसे देऊन लायसन काढण्याचा प्रकार आपल्यात होता. राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकानं (एटीएस) २०१७ मध्ये असं रॅकेट उघड केलं, त्यात जवानांच्या नावानं निघालेली लायसन होती, पुढं सीबीआयनं तपास घेतला. तुमच्याकडं तिकडचं लायसन असेल तर ते पोर्टलवर दिसतंय का बघा, आणि पत्ता बदललाय तर इथल्या कार्यालयात नोंद करा, त्याला ३० दिवसांची मुदत असते. वैध लायसनशिवाय बंदूक बाळगली तर किमान दोन वर्षं कैद आहे, आणि तिथं तुमची मेडलं कामी येत नाहीत.

बँकेत किंवा कॅश व्हॅनवर गनमन म्हणून लागणाऱ्यांनी हेही बघा. स्वतःच्या संरक्षणासाठी घेतलेलं लायसन दुसऱ्याची तिजोरी राखायला वापरलं तर पोलिस हरकत घेऊ शकतात. बँक किंवा कंपनी स्वतःच्या नावानं लायसन काढून त्यावर गार्डचं नाव रिटेनर, म्हणजे मालकाच्या वतीनं शस्त्र बाळगणारा, म्हणून घालू शकते, नोकरी पकडतानाच तसं विचारा. लग्नात, वरातीत हवेत बार काढायचा नाही, २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्या. लायसनधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं तर ते हयातीतच वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो, आणि हे लोक करतच नाहीत. गेल्या पावसाळ्यात एका सुभेदारसाहेबांच्या पत्नी आल्या होत्या, साहेब जाऊन आठ महिने झालेले आणि दोननळी तशीच गोधडीत गुंडाळून कपाटात, लायसन पण संपलेलं. काकू रडायला लागल्या की आम्हाला आत टाकतील का. आम्ही त्याच दिवशी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज देऊन बंदूक जमा केली, पावती घेतली, मग मुलानं मृत्यू दाखला आणि बहिणींचं ना-हरकत जोडून स्वतःच्या नावानं अर्ज केला.